एकच जाड पुस्तक घेऊन जा

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.
मी मूळची लातूरची. ऑक्सफर्डला इतिहासात दोन वर्षांचं एम.फिल. करते आहे, पहिलं वर्ष संपत आलंय. आमच्या कॉलेजमधून दर उन्हाळ्यात काही विद्यार्थी आणि एखाद-दुसरे प्राध्यापक फ्रान्समधल्या आल्प्समध्ये, एका जुन्या लाकडी घरात वाचनासाठी जाऊन राहतात. सगळे त्या घराला नुसतं 'शॅले' म्हणतात. मी अर्ज केला आणि निवडही झाली. आता मात्र पाय मागे येतोय. तिथे वीज नाही. सकाळभर वाचायचं, दुपारी डोंगर चढायचे. मी सपाट मुलखातली. आयुष्यात एकदा सिंहगड चढले, तोही धापा टाकत. शिवाय मी शाकाहारी. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. ते म्हणतात, "शिष्यवृत्ती अभ्यासासाठी मिळालीय, हिंडायला नाही. वाचायचंच तर खोलीत बसून वाच." इथली एक मैत्रीण म्हणते, ही बड्या घरच्या मुलांची जुनी हौस आहे, तू तिथे परकीच राहशील.
पण खरं कारण वेगळंच आहे, ते फक्त तुम्हाला सांगते. या वर्षात मी एकही पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं नाही. प्रस्तावना, समारोप, मधली दोन प्रकरणं, की झाला निबंध. तिथे जेवणाच्या टेबलावर प्राध्यापकांसमोर हे उघडं पडेल, याची भीती वाटते. जाऊ का? आणि गेले तर बरोबर काय नेऊ?
— लातूरची एक वाचक

ताईंचं उत्तर

जा. ज्या कारणामुळे तू कचरते आहेस, त्याच कारणासाठी जा.

पुस्तक पूर्ण न वाचता निबंध लिहिणं ही तुझ्या एकटीची चोरी नाही. ऑक्सफर्डचं सत्र असतं आठ आठवड्यांचं. त्यात व्याख्यानं, सेमिनार, निबंध, आणि प्रत्येक निबंधाला हातभर लांब वाचनयादी. एवढ्या वेळात ती यादी कुणीच पूर्ण वाचू शकत नाही. म्हणून माणूस शिकारीला निघाल्यासारखा पुस्तकात शिरतो, हवं ते उचलतो आणि बाहेर पडतो. तेही एक कौशल्य आहे, ते तुला आलंय, त्याची लाज नको. पण त्या विद्यापीठाची जुनी रीत अशी की सत्रात लिहायचं आणि सुट्टीत वाचायचं. मधल्या लांब सुट्ट्या नावाला सुट्ट्या, खरं वाचन त्यांतच व्हावं अशी अपेक्षा असते. एकोणिसाव्या शतकात 'रीडिंग पार्टी' नावाची प्रथा निघाली ती यातूनच. चार-सहा विद्यार्थी, एक शिक्षक, पुस्तकांच्या पेट्या, आणि गावापासून लांब एखादं घर. बेलियल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जॉवेट आपल्या विद्यार्थ्यांना असे स्कॉटलंडच्या डोंगरात घेऊन जायचे. तुझं शॅले त्याच परंपरेतलं आहे. ती तुझ्यासारख्यांच्या अडचणीवरच शोधलेली तोड होती.

कॉलेजचं नाव तू लिहिलेलं नाहीस, पण हे घर बेलियल, न्यू कॉलेज आणि युनिव्हर्सिटी कॉलेज या तिघांशी जोडलेलं आहे, तेव्हा तू तिघांपैकी एका ठिकाणची. घराची गोष्ट थोडी सांगते, कारण मैत्रिणीच्या शंकेचं उत्तर त्यातच आहे. साँ-जेर्व्हे गावाच्या वर, प्रारियाँ नावाच्या डोंगराच्या खांद्यावर ते उभं आहे, आल्प्समधल्या सर्वांत उंच माँ ब्लाँ शिखराच्या रांगेसमोर. गावचे लोक त्याला 'इंग्रजांचं शॅले' म्हणतात. पहिलं घर १८६० च्या दशकात डेव्हिड अर्कर्ट या स्कॉटिश गृहस्थाने बांधलं. हा इस्तंबूलला ब्रिटिश वकिलातीत राहिलेला माणूस, पुढे खासदार झाला, आणि इंग्लंडात तुर्की हमामाचा ध्यासाने प्रचार करत राहिला. डोंगरावरच्या हवेवर त्याची मोठी श्रद्धा. त्याचा मुलगा फ्रान्सिस, विद्यार्थ्यांचा लाडका 'स्लिगर', पुढे बेलियलमध्ये शिकवू लागला. १८९१ मध्ये त्याने पहिल्यांदा मित्रांना वाचनासाठी तिथे नेलं, आणि मग दर उन्हाळ्याचा तो नेमच झाला. १९०६ मध्ये घर जळालं. दोन-तीन वर्षांत त्याच जागी पुन्हा उभं राहिलं. दोन महायुद्धांत नेम तुटला, १९३४ मध्ये स्लिगर गेला, पण १९५० च्या दशकात विद्यार्थ्यांचे गट पुन्हा डोंगर चढू लागले. आता घराचा कारभार विश्वस्त मंडळाकडे आहे आणि तिन्ही कॉलेजांचे गट पाळीपाळीने तिथे राहतात.

तुझी मैत्रीण म्हणते ते खोटं नाही. स्लिगरच्या काळात कुणाला न्यायचं हे तोच ठरवायचा, आणि जाणारे बहुतेक बड्या शाळांतून आलेले, सगळे पुरुष. त्याच वर्षांत आपल्या नाशिकची एक मुलगी ऑक्सफर्डला होती. कॉर्नेलिया सोराबजी. जन्म १८६६ चा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. १८८९ मध्ये ती ऑक्सफर्डमधल्या सॉमरव्हिल या मुलींच्या संस्थेत गेली. जॉवेट तिच्या पाठीशी उभे राहिले आणि १८९२ मध्ये, म्हणजे शॅलेतल्या पहिल्या उन्हाळ्यानंतर वर्षभराने, खास परवानगी काढून ती कायद्याच्या परीक्षेला बसली. तिथे ही परीक्षा देणारी ती पहिली स्त्री. परीक्षा दिली, पण पदवी हातात पडायला १९२२ उजाडलं, कारण १९२० पर्यंत ऑक्सफर्ड बायकांना पदवी देतच नव्हतं. त्या घराचं दार तिच्यासाठी उघडणं शक्यच नव्हतं. तिन्ही कॉलेजांनी मुलींना पदवीसाठी घ्यायला सुरुवात केली ती १९७९ मध्ये. तू अर्ज केलास आणि तुझी निवड झाली, यामागे एवढी वर्षं आहेत. निवड झालेल्याला परकं कोण म्हणणार? आणि कुणी तसं वागलंच, तर तिथे सगळ्यांना सारख्याच बटाट्यांची सालं काढायची असतात, दोन दिवसांत अंगावरची झूल उतरते. पैशांचंही सांगते. खर्चाची अडचण असेल तर गट नेणाऱ्या प्राध्यापकांना साधा ईमेल लिही आणि कॉलेजकडून काही मदत होते का ते विचार. असे प्रश्न त्यांना नवे नसतात.

आता खोलीत बसून वाच म्हणणाऱ्या बाबांबद्दल. मला त्यांचं म्हणणं मनापासून पटतं, पण अर्धंच.

मी पुण्यात एम.ए. करत होते तेव्हाची गोष्ट. आमच्या सरांनी दिवाळीच्या सुट्टीत आम्हा पाच जणांना एक जाडजूड ग्रंथ नेमून दिला आणि म्हणाले, घरी वाचू नका, कुठेतरी एकत्र राहून वाचा. एका मैत्रिणीच्या आजोळी, वाईला, कृष्णेपासून चार पावलांवर जुना वाडा होता. तिथे गेलो. पहिले दोन दिवस आम्ही नुसते झोपलो. वर्षभराचा शीण असतो, तो आधी वसुली करून घेतो. तिसरा दिवस सगळ्यात वाईट. झोप झालेली, पुस्तक समोर, आणि मन कुठेच लागेना. कुणी चहा टाकायला उठतंय, कुणी उगाच घाटावर जाऊन येतंय. मी तर दुपारी बॅगही भरली होती. पण समोर माजघरात चौघं मान खाली घालून बसलेली दिसत होती, म्हणून परत बसले. चौथ्या दिवशी सकाळी काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. चाळीस-पन्नास पानं झाली तेव्हा लक्षात आलं, की लेखक या पानावर जे म्हणतोय त्याचं बीज त्याने शंभर पानांमागे पेरलं होतं. मी मागे गेले, ते पान काढलं, खूण केली, पुढे वाचलं. पुस्तकाला अंग असतं, हात-पाय असतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्याआधी मी पुस्तकांचे तुकडे खाल्ले होते.

हे खोलीत का होत नाही? तिसऱ्या दिवशी खोलीतून पळता येतं म्हणून. तिथे फोन आहे, दुसरं काम आहे, आणि पळालेलं कुणाला दिसत नाही. एकत्र बसून वाचण्यात दुसऱ्याची मान खाली असते, तेवढा धाक पुरतो. पुण्यातल्या पेठांत स्पर्धापरीक्षेची मुलं महिन्याला पैसे भरून अभ्यासिकेत जाऊन बसतात, ती काय घरी खुर्ची नसते म्हणून? बाबांना हे उदाहरण दे. ते लातूरचे शिक्षक आहेत, 'लातूर पॅटर्न' त्यांना मी सांगायला नको. वेळापत्रक, बैठक, पुन्हा पुन्हा सराव. फोनवर त्यांना बर्फाच्या शिखरांचे फोटो पाठवू नकोस, दिवसाचं वेळापत्रक पाठव. सकाळी न्याहारी, मग जेवणापर्यंत शांतता आणि वाचन, दुपारी चालणं, संध्याकाळी पुन्हा वाचन, रात्रीचं जेवण सगळ्यांनी मिळून, मग मेणबत्तीच्या उजेडात गप्पा. स्वयंपाक आणि झाडलोट वाटून. थोडंफार इकडे-तिकडे असेल, पण घराची लय हीच आहे. ते वाचून बाबा म्हणतील, ही तर निवासी शाळा झाली. म्हणू देत.

तर मग नेशील काय? एक पुस्तक. एकच. तुझ्या प्रबंधाच्या विषयातलं ते पुस्तक, ज्याचा हवाला तू तीन निबंधांत दिला आहेस आणि जे पूर्ण वाचलेलं नाहीस. असं एक आहे हे मला माहीत आहे, कारण प्रत्येकाचं असतं. चारशे-पाचशे पानांचं असलं तरी चालेल. जोडीला एखादी कादंबरी ठेव, मराठी असली तर उत्तम, झोपताना लागेल. बस्स. वर्षभराचा अनुशेष घेऊन गेलीस तर तिथेही शिकारच करत बसशील.

आणि कागदावर ने. ग्रंथालयातून काढ, जुन्या बाजारात विकत घे, काहीही कर, पण लॅपटॉपमधल्या पीडीएफच्या भरवशावर जाऊ नकोस. विजेची तार त्या घरापर्यंत गेलेली नाही. फोनसाठी पॉवर बँक ने, बाकी यंत्रं ऑक्सफर्डला राहू देत. एक जाड वही, दोन पेनं, पेन्सिल. माझी एक सवय सांगते, आवडली तर घे. प्रत्येक प्रकरण संपलं की पुस्तक मिटायचं आणि न बघता मराठीत पाच ओळी लिहायच्या, हा माणूस काय म्हणाला ते. इंग्रजीत लिहिलंस तर त्याचेच शब्द परत येतील आणि तुला वाटेल समजलं. मराठीत अडलीस की समज, तिथे अजून समजलेलं नाही.

जेवणाच्या टेबलाची भीती. ती खरी आहे, हसण्यावारी नेणार नाही. पण त्या टेबलावर एक रसायनवाला असेल, एक कायद्याची, एक ग्रीक शिकणारा. दुसऱ्याच्या विषयात प्रत्येक जण अडाणीच असतो. तुला विचारतील, "काय वाचते आहेस?" तेव्हा सरळ सांग, "हे पुस्तक मी आजवर तुकड्यांत वाचलं होतं, आता पूर्ण वाचायला आणलंय. आज दीडशेव्या पानावर आहे, आणि इथे मला एक गोष्ट पटत नाही." बघ, त्यापुढे बोलणं कसं वाहतं. माझी खात्री आहे, निदान एक प्राध्यापक तरी म्हणेल की ते त्यानेही पूर्ण वाचलेलं नाही. लपवण्यात जी ताकद जाते ती त्या एका वाक्याने वाचेल.

चालण्याचं बघू. माँ ब्लाँ हे नाव ऐकून घाबरू नकोस. तो ४,८०० मीटरच्या वर आहे आणि तिथे तुला कुणी नेत नाही. साँ-जेर्व्हेहून दातेरी रुळांवरची छोटी आगगाडी डोंगर चढते. आपल्याकडे उटीच्या गाडीला जसा मधला दातेरी रूळ आहे, तसाच. ती कोल द व्होझा नावाच्या खिंडीतून जाते, आणि या खिंडीची उंची आहे १,६५३ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे महाराष्ट्राच्या माथ्याएवढ्या उंचीवरचा मुलूख. विरळ हवेचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो, तेव्हा तीही काळजी नको. धाप लागेल ती सवय नसल्याची. उपाय साधा आहे. अजून महिना-दीड महिना हाती आहे, रोज तासभर चाल, आठवड्यातून दोनदा पाठीवर सामान घेऊन. बूट आत्ताच घे आणि जुने करून टाक. नवे बूट घालून डोंगरात जाणाऱ्याच्या टाचा पहिल्याच दिवशी सोलतात, आणि मग सगळे दिवस अंगणात बसून जातात. गटात सगळ्यात मागे राहायला लाजू नकोस. मागून चालणाऱ्याबरोबर कुणीतरी थांबतंच, आणि मी तरी माझ्या उत्तम गप्पा अशाच मागे राहून मारल्या आहेत.

एका गोष्टीत मात्र हट्ट नको. आल्प्समध्ये उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाटी पाऊस अचानक येतो. गटप्रमुख परत फिरू म्हणाला की फिरायचं. हिमनदीवर, नुसत्या कडेनेसुद्धा, अनुभवी वाटाड्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. त्या डोंगराचा इतिहास भयंकर आहे. १८९२ च्या जुलैत, वरच्या तेत रूस हिमनदीच्या पोटात साठलेलं पाणी रात्री फुटलं आणि साँ-जेर्व्हेची गरम पाण्याची स्नानगृहं लोंढ्यात वाहून गेली. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. आज त्या हिमनदीवर नजर ठेवलेली असते, साठलेलं पाणी उपसूनही काढलं आहे. भीती घालत नाही, पण तिथली माणसं डोंगराकडे आदराने का बघतात ते कळावं म्हणून सांगितलं. पावसाचं जाकीट, लोकरी टोपी, डोक्याला बांधायची बॅटरी आणि तिचे जादा सेल, एवढं पिशवीत असू दे. संकटकाळचा नंबर सगळ्या युरोपात ११२.

जेवणाचं आधीच कळवून ठेव. तिथल्या सावॉय प्रांतात बटाटा, ब्रेड आणि चीज यांवरच अर्धा स्वयंपाक चालतो, उपाशी राहणार नाहीस. दोन गोष्टी माहीत असू देत. तार्तिफ्लेत नावाच्या बटाट्या-चीजच्या भाजलेल्या पदार्थात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात, तेव्हा विचारून घे. आणि तिथली नावाजलेली चीजं, बोफोर काय, रब्लोशाँ काय, वासराच्या जठरातलं रेनेट घालून विरजतात. ते चालवायचं की नाही हा तुझा निर्णय. मी यात उपदेश करणार नाही, फक्त निर्णय इथेच घेऊन जा, भुकेल्या पोटी टेबलावर घेऊ नकोस. तुझी पाळी येईल तेव्हा पिठलं कर. बेसन, मोहरी, हळद, तिखट एका डब्यात मावतं, पंधरा माणसांना पुरतं आणि ब्रेडबरोबरही छान लागतं. तूप मात्र नेऊ नकोस. ब्रिटनमधून युरोपीय संघात दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत, काढून घेतील.

शेवटी सगळ्यात तातडीचं. तुझ्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, म्हणजे ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा असला तरी फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा, लागणारच. बरोबरच्या इंग्रज मुलांना हे ध्यानातही येणार नाही, कारण त्यांना तो लागत नाही, तेव्हा कुणी आठवण करून देईल याची वाट बघू नकोस. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो, पण उन्हाळ्यात भेटीच्या तारखा भराभर संपतात. शुल्क ९० युरो. प्रवासाचा विमा किमान ३०,००० युरोंचा हवा, आणि त्यात डोंगरात पायी चालणं धरलेलं आहे ना ते वाचून घे. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू असायला हवा. कॉलेजकडून निमंत्रणाचं पत्र माग, त्यात राहण्याचा पत्ता आणि तारखा स्पष्ट लिहून घे. जिनिव्हाच्या विमानतळावर उतरणार असलीस तरी मुक्काम फ्रान्समध्ये आहे, म्हणून अर्ज फ्रान्सकडेच करायचा. बाबांशी उद्या बोललीस तरी चालेल, व्हिसाच्या भेटीची तारीख आज घे.